शाळेच्या वेळापत्रकात दडलेले उत्तम जीवन

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा निर्णय काढला, जूनमध्ये त्यात बदल केला आणि जूनअखेरीस दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. मधल्या काळात भाषिक अस्मिता, राजकारण, लहान मुलांची आकलनशक्ती अशा अनेक अंगांनी वाद झडला. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र क्वचितच कोणी स्पष्टपणे मांडला. सहा वर्षांच्या मुलाला शाळेत जे मोजके तास मिळतात, ते त्याला पुढे कोणत्या प्रकारचे आयुष्य जगता यावे म्हणून खर्च करायचे? पाचवी-आठवीला पुन्हा परीक्षा घ्यावी की नाही, चित्रकला आणि खेळाला गुण असावेत की नाही, अकरावी-बारावीची दोन वर्षे प्रवेश परीक्षांच्या शिकवणीला वाहून टाकावीत की नाही, या आपल्याकडच्या बहुतेक शैक्षणिक वादांच्या तळाशी हाच प्रश्न असतो. भांडण साधनांचे आहे असे वाटते आणि दोन्ही बाजूंची साध्ये मात्र मुळातच निरनिराळी असतात. म्हणून एक वाद शमला की दुसऱ्या निमित्ताने तोच पुन्हा उफाळतो.

तत्त्वज्ञ या साध्याला ‘उत्तम जीवन’ म्हणतात. सुखासीन किंवा सधन आयुष्य असा त्याचा अर्थ नाही. माणूस कसा जगला म्हणजे त्याचे जगणे सार्थकी लागले असे म्हणता येईल, याविषयीची कल्पना म्हणजे उत्तम जीवनाची कल्पना. ती प्रत्येक पालकाच्या, शिक्षकाच्या आणि मंत्र्याच्या मनात असतेच, फक्त ती शब्दांत मांडण्याची वेळ त्यांच्यावर सहसा येत नाही. या लेखात ती कल्पना अभ्यासक्रमात कशी उतरते हे पाहायचे आहे, आणि त्यासाठी महाराष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास फार सोयीचा आहे, कारण गेल्या दीडशे वर्षांत इथे किमान चार-पाच निरनिराळी उत्तरे पूर्ण ताकदीने मांडली गेली आहेत.

## भिंतीवरचे सुवचन आणि हातातले वेळापत्रक

‘सा विद्या या विमुक्तये’ हे वचन आपल्याकडे असंख्य शाळांच्या भिंतींवर आणि बोधचिन्हांत आढळते. जी मुक्तीकडे नेते तीच विद्या, असे त्याचे म्हणणे. त्याच भिंतीखाली बसलेल्या मुलाचे सहामाहीचे प्रगतिपत्रक मात्र मुक्तीविषयी काहीच विचारत नाही. यात दांभिकपणा आहे असे मला म्हणायचे नाही. शाळेचे खरे उद्दिष्ट शोधायचे असेल तर सुवचन वाचून भागत नाही, एवढाच मुद्दा आहे. ते वाण्याच्या यादीसारखे ओळखावे लागते. यादीत ‘पुरणपोळी’ हा शब्द कुठेही नसतो. पण हरभरा डाळ, गूळ, वेलदोडे आणि जायफळ एकाखाली एक लिहिलेले दिसले की घरात काय शिजणार आहे हे दुकानदाराला न सांगता कळते. कोणत्या विषयाला किती तास, कोणत्या विषयाला गुण आणि कोणत्याला नुसती श्रेणी, परीक्षा जवळ आली की कोणता तास पहिल्यांदा कापला जातो, यांवरून शाळेने मनाशी धरलेले उत्तम जीवन असेच ओळखता येते.

मराठी शाळेत शिकलेल्या अनेकांना ‘कार्यानुभव’ हा विषय आठवत असेल. कागदी फुले, तोरण, पाकिटे, फार तर राख्या. वर्षाच्या शेवटी वहीत चिकटवलेले चार नमुने आणि त्यांवर शिक्षकांची सही. दहावीचे वर्ष असेल तर तो तास हमखास गणिताच्या वाट्याला जायचा आणि कोणाचीही तक्रार नसायची. या विषयाची मूळ शिफारस १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, म्हणजे केंद्र सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगाने, केली होती. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे होते. हाताने केलेले काम हा शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा, शिकलेला वर्ग आणि राबणारा वर्ग यांच्यातले अंतर कमी व्हावे, असा आयोगाचा विचार होता. त्या विचाराचे तोरण झाले. ते का झाले हे समजून घ्यायचे तर श्रम आणि फुरसत यांना उत्तम जीवनात कोणते स्थान आहे, या जुन्या वादाकडे वळावे लागते.

## ॲरिस्टॉटलची फुरसत

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने राज्यव्यवस्थेवरच्या आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात नोंदवून ठेवले आहे की, मुलांना काय शिकवावे याविषयी लोकांचे एकमत नाही. जगायला उपयोगी पडेल ते शिकवावे, सद्गुण वाढेल ते शिकवावे, की उच्च ज्ञान द्यावे, हे कोणालाच निश्चित सांगता येत नाही, अशी त्याची तक्रार आहे. हे वाक्य कालच्या वर्तमानपत्रातले वाटावे असे आहे.

त्याचे स्वतःचे उत्तर उत्तम जीवनाच्या कल्पनेतून सरळ निघते. माणसाचे वैशिष्ट्य म्हणजे विचारशक्ती; ती सद्गुणांसह आयुष्यभर वापरत राहणे म्हणजे उत्तम जीवन; आणि त्यासाठी पोटाच्या उद्योगातून मोकळा झालेला वेळ हवा. म्हणून लेखन-वाचन, व्यायाम, संगीत आणि चित्रकला हे चार विषय सांगताना तो संगीताचे समर्थन वेगळ्या पायावर करतो. संगीत कशाच्याही उपयोगाचे नाही, फुरसतीचा वेळ माणसाला शोभेल अशा रीतीने घालवण्यासाठी ते आहे, आणि नेमके म्हणूनच ते शिकवले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. उलट, शरीर झिजवणारी आणि मोबदल्यासाठी केलेली कामे मनाला हीन बनवतात, म्हणून ती स्वतंत्र नागरिकाने शिकू नयेत.

या सुंदर मांडणीचा खर्च कोण उचलत होते, हे उघड आहे. अथेन्सच्या नागरिकाची फुरसत गुलामांच्या श्रमांवर उभी होती आणि ॲरिस्टॉटलने त्या गुलामगिरीचे समर्थनही केले. आपल्या वाचकाला हा भाग परका वाटायचे कारण नाही. ज्ञान एका वर्गाकडे आणि श्रम दुसऱ्याकडे, ही वाटणी आपल्याकडे जातीने केली होती. शिवाय श्रम करणाऱ्याला ज्ञानाची मनाईही केली होती. ‘शिकलेला माणूस’ म्हटले की हात न मळलेला माणूस डोळ्यांपुढे येणे, हे त्या वाटणीचेच शिल्लक राहिलेले रूप आहे.

## स्पेन्सरचा क्रम

एकोणिसाव्या शतकात हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताने हा वाद उलट्या टोकाने सुरू केला. १८५९ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात त्याने विचारले की सर्वांत मोलाचे ज्ञान कोणते, आणि उत्तर शोधण्यासाठी आधी जगण्याची व्यवधाने महत्त्वाच्या क्रमाने मांडली: जीव सांभाळणे, उपजीविका, अपत्यांचे संगोपन, नागरिक म्हणून वागणे आणि शेवटी कला-साहित्याचा आनंद. या पाचही कामांना विज्ञान उपयोगी पडते, सबब विज्ञान हाच शिक्षणाचा गाभा. फुरसत पहिल्या क्रमांकावरून पाचव्यावर गेली आणि तिच्याबरोबर अभिजात भाषांचे अभ्यासक्रमातले स्थानही घसरले. एकच प्रश्न, उत्तम जीवनाचे दोन क्रम आणि दोन पूर्णपणे वेगळे अभ्यासक्रम.

जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्रज तत्त्वज्ञ आणि स्पेन्सर यांच्या विचारांवर गोपाळ गणेश आगरकर वाढले. १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय. स्वतःच्या बुद्धीला पटेल तेच मानणारा माणूस घडवणे, हे आगरकरांच्या दृष्टीने शिक्षणाचे काम होते. त्यांच्या उत्तम जीवनाच्या केंद्रस्थानी स्वतंत्र बुद्धी होती. तिथे पोहोचण्याचा रस्ता मात्र इंग्रजी शाळेतून जात होता, आणि त्या शाळेपर्यंत कोणाची मुले पोहोचत होती, हा प्रश्न त्याच शहरात दुसऱ्या एका माणसाने अधिक रोखठोकपणे विचारला.

## नांगराची मूठ धरायला न लाजणारा शिक्षक

१८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, म्हणजे हंटर आयोगापुढे, जोतीराव फुले यांनी इंग्रजीत एक निवेदन सादर केले. वरच्या वर्गाला शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या सरकारी गृहीतकावर त्यांनी घाव घातला. सरकारी हायस्कुलांतले शिक्षण सामान्य लोकांच्या आयुष्याला उपयोगाचे नाही, ते कारकून आणि शाळामास्तर तयार करण्यापुरते चांगले आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही मागणीही त्यातच आहे.

हे मुद्दे पाठ्यपुस्तकांतून येतात. मला स्वतःला त्या निवेदनाचा तपशील अधिक बोलका वाटतो. फुल्यांनी विषयांची यादी दिली आहे: मोडी आणि बालबोध लिपीत वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांवरचे काही धडे. खेड्यातल्या शाळेला जोडून एक लहानशी नमुन्याची शेती असावी, अशी सूचना आहे. शिक्षकाचा पगार दरमहा १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत तो १५ किंवा २० रुपये असावा, असे आकडेही आहेत. आणि शिक्षक कसा हवा? प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला ज्याला लाज वाटणार नाही आणि जो खालच्या मानल्या गेलेल्या लोकांत सहज मिसळेल, असा.

इथे जरा थांबून पाहावे. फुल्यांनी शेतकऱ्याच्या मुलाला नांगर शिकवा एवढेच म्हटलेले नाही. तो त्याला घरीच शिकायला मिळतो. त्यांनी शिक्षकाने नांगर धरावा असे म्हटले आहे. श्रमाला लाजणारा माणूस ज्या शाळेत आदर्श म्हणून उभा असतो, त्या शाळेतून शिकलेला मुलगा आपल्या बापाला लाजेल, हे त्यांनी ओळखले होते. त्यांना अभिप्रेत असलेल्या उत्तम जीवनात श्रम, अक्षर आणि हिशेब एकाच माणसाकडे असतात, आणि त्यामुळे तो फसवला जात नाही. ‘विद्येविना मती गेली’ या त्यांच्या प्रसिद्ध ओळींचा क्रमही याच अंगाने पाहण्यासारखा आहे. मती, मग नीती, मग गती आणि त्यानंतर वित्त. पैसा त्या साखळीत आहे, आणि तो नाकारलेला नाही. पण तो चौथा आहे.

## तीन तास वीस मिनिटे

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. महात्मा गांधींनी मांडलेली ‘नई तालीम’, म्हणजे हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याची योजना, तिथे चर्चेला आली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासक्रम तयार करणारी समिती नेमली गेली. त्या समितीने सुचवलेले दिवसाचे वेळापत्रक असे होते: मूलोद्योग, म्हणजे मुख्य हस्तव्यवसाय, ३ तास २० मिनिटे; संगीत, चित्रकला आणि अंकगणित मिळून ४० मिनिटे; मातृभाषा ४० मिनिटे; सामाजिक अभ्यास आणि सामान्य विज्ञान ३० मिनिटे; व्यायाम १० मिनिटे; सुट्टी १० मिनिटे. एकूण साडेपाच तास, आणि वर्षाला कामाचे २८८ दिवस.

हे वेळापत्रक वाचून आजचा पालक हादरेल, आणि तेव्हाचेही अनेकजण हादरले. पण गांधींच्या उत्तम जीवनाच्या कल्पनेतून ते तर्कशुद्धपणे निघते. शरीर, बुद्धी आणि आत्मा यांतले जे उत्तम असेल ते बाहेर काढणे म्हणजे शिक्षण, अशी त्यांची व्याख्या होती. अक्षरओळख हा शिक्षणाचा शेवट नाही आणि आरंभही नाही, असे ते म्हणत. श्रम ही त्यांच्या लेखी पोटासाठी सोसायची शिक्षा नव्हती. आपल्या वाट्याचे अन्न-वस्त्र आपल्या श्रमाने मिळवणे हाच नैतिक जीवनाचा पाया होता, आणि म्हणून टकळी, म्हणजे सूत कातायची चाती, हे शिकण्याचे माध्यम झाले. सूत मोजताना गणित, कापूस काळ्या मातीत का येतो हे पाहताना भूगोल, हातमाग का बसले हे विचारताना कंपनी सरकारचा इतिहास, अशी ही गुंफण. विनोबांनी तिला ‘समवाय’ म्हटले. शाळेचा काही खर्च मुलांनी तयार केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून निघावा, हा त्यातला सर्वांत वादग्रस्त भाग होता. वर्ध्याच्या परिषदेतच अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी त्यावर हरकत घेतली.

सेवाग्रामच्या परिसरात या विचाराची शाळा आजही चालते. देशभर मात्र ही योजना टिकली नाही. तिच्या अपयशाची प्रशासकीय कारणे पुष्कळ सांगितली जातात, पण मुख्य कारण मला साधे वाटते. सरकारने नई तालीमची शाळा काढली आणि शेजारी जुनी शाळाही चालू ठेवली. नोकरी, पगार आणि प्रतिष्ठा दुसऱ्या शाळेतून मिळत होती. पालकांना तेवढे कळत होते.

## हस्तव्यवसाय शिकवणे म्हणजे मुलाला जातीच्या धंद्यात परत ढकलणे नव्हे काय?

हा आक्षेप अत्यंत गंभीर आहे आणि इतिहासाने तो एकदा खराही करून दाखवला आहे. १९५३ मध्ये तेव्हाच्या मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. मुलांनी दिवसातले तीन तास शाळेत शिकावे आणि उरलेल्या वेळात आईवडिलांचा व्यवसाय शिकावा, असे तिचे स्वरूप होते. शाळांची आणि शिक्षकांची टंचाई हे कारण दिले गेले. पण बापाचा व्यवसाय म्हणजे बहुतेकदा जातीचा व्यवसाय. तेव्हा विरोधकांनी तिला ‘कुलाचारी शिक्षण’ ठरवले, समाजसुधारक पेरियार आणि द्रविड पक्षांनी रान उठवले, आणि १९५४ मध्ये के. कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती रद्द झाली. सुतारकाम हा विषय तोच. परंतु तो सर्वांच्या मुलांना एका वर्गात शिकवला तर समतेचा धडा होतो आणि फक्त सुताराच्या मुलाला घरी शिकायला लावला तर बेडी होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप याहून खोल होता, कारण तो थेट उत्तम जीवनाच्या कल्पनेवरच होता. १९४५ मध्ये गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी लिहिले की, माणूस आणि पशू यांच्यातला फरक संस्कृतीत आहे, संस्कृतीसाठी फुरसत लागते, आणि फुरसत सर्वांना मिळायची तर यंत्रांना आणि आधुनिक सभ्यतेला पर्याय नाही. म्हणजे फुरसतीच्या महत्त्वाबाबत आंबेडकर ॲरिस्टॉटलच्या बाजूने उभे आहेत; फक्त ॲरिस्टॉटलने ती गुलामांच्या पाठीवर उभी केली आणि आंबेडकर ती यंत्रांच्या बळावर प्रत्येकाला मिळवून देऊ पाहतात. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्यावर श्रम लादले गेले, त्यांना श्रमाचे पावित्र्य सांगणे आंबेडकरांना क्रूर वाटत होते. ज्याने श्रम स्वतः निवडला आहे त्याच्या तोंडीच ती भाषा शोभते.

कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई हे आंबेडकरांचे शिक्षक होते. लोकशाही ही निव्वळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची, अनुभव वाटून घेण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार आंबेडकरांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनविषयक भाषणात वापरला आणि आपल्या गुरूचे ऋणही मान्य केले. या विचारातून शिक्षणाचे जे उद्दिष्ट निघते ते केवळ वैयक्तिक उन्नतीचे राहत नाही. निरनिराळ्या थरांतल्या मुलांनी एकत्र बसून प्रश्न विचारायला शिकणे, हेच ते उद्दिष्ट होते. आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९५० मध्ये तिने औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला नंतर मिलिंद हे नाव मिळाले. नागसेन भिक्षूला प्रश्नांमागून प्रश्न विचारणारा तो ग्रीक राजा. महाविद्यालयाला संताचे किंवा देणगीदाराचे नाव देण्याची रीत असलेल्या प्रदेशात प्रश्नकर्त्याचे नाव दिले गेले, आणि परिसराला उत्तरकर्त्याचे: नागसेनवन.

गांधी आणि आंबेडकर यांच्या या दोन टोकांमधून कर्मवीर भाऊराव पाटील यांनी व्यवहारात एक वाट काढली. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. ‘कमवा आणि शिका’ योजनेत मुलगा श्रम करी, पण त्याच्या जातीने नेमून दिलेले नव्हे, आणि त्या श्रमाच्या बळावर तो महाविद्यालयापर्यंत जाई. श्रम हे त्याच्यासाठी मुक्कामाचे ठिकाण नव्हते, भाडे होते. गांधींना हे अपुरे वाटले असते. ज्याला शिकायचे होते त्या मुलाला ते पुरेसे होते.

## पोट भरल्याशिवाय कसले उत्तम जीवन?

पालकांचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरात एका आजारपणाने कर्ज होते, त्या घराने मुलाला वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या शिकवणीला घातले तर त्यात हाव कमी आणि भीती जास्त असते. सुरक्षितता हीसुद्धा उत्तम जीवनाची एक कल्पना आहे, आणि ती पुरेशी प्रतिष्ठित आहे.

अडचण ती कल्पना एकटीच उरते तेव्हा होते. विसाव्या शतकाच्या मध्यात थिओडोर शुल्ट्झ आदी अर्थतज्ज्ञांनी शिक्षणाकडे गुंतवणूक म्हणून पाहिले: शिकलेला माणूस अधिक उत्पादन करतो, म्हणून त्याचे ज्ञान हे ‘मानवी भांडवल’. यामुळे सरकारांनी शिक्षणावर पैसा खर्च करायला हवा हे पटवणे सोपे झाले, हा फायदा मोठा होता. तोटा असा की ज्याचा परतावा मोजता येत नाही ते खर्चाच्या बाजूला पडले. कविता, गाणे, मैदान, आणि ज्यांच्याकडून उत्पादनाची अपेक्षा नाही अशा मुलांचे शिक्षण, या सर्वांना मग सबब द्यावी लागते. संगीताने गणित सुधारते म्हणून संगीत शिकवा, असे युक्तिवाद त्या अडचणीतून येतात. ॲरिस्टॉटलला ते ऐकून वाईट वाटले असते.

अमर्त्य सेन आणि मार्था नुसबॉम यांनी यावर दिलेले उत्तर ‘क्षमता दृष्टिकोन’ म्हणून ओळखले जाते. माणसाकडे किती आहे यापेक्षा त्याला खरोखर काय करता आणि होता येते, हे पाहावे, असे तो सांगतो. एकादशीचा उपास करणारा आणि अन्न नसल्याने उपाशी राहणारा, दोघांच्याही पोटात काही नाही. पण पहिल्याला जेवणे शक्य होते. तालुक्याच्या गावी महाविद्यालय असून आणि बस असूनही जी मुलगी दहावीनंतर शिकायचे नाही असे ठरवते, आणि बस नाही म्हणून जिचे शिक्षण थांबते, त्या दोघी आकडेवारीत एकाच रकान्यात दिसतात. या दृष्टीने नोकरी मिळवता येणे ही क्षमता आहेच. पण ती इतर अनेकींतली एक आहे, आणि ती मिळवताना बाकीच्या खुडून टाकल्या तर हिशेब चुकला असे म्हणावे लागते.

## मग सरकारने यात पडूच नये, हे बरे नव्हे काय?

उत्तम जीवन ज्याचे त्याने ठरवावे, सरकारने फक्त लिहिणे, वाचणे आणि गणित शिकवावे, असा युक्तिवाद उदारमतवादी मंडळी करतात. तो आकर्षक आहे, कारण राज्यकर्त्यांच्या हाती मुलांची मने देण्याची भीती खरी आहे. परंतु तटस्थ अभ्यासक्रम नावाची वस्तू अस्तित्वात नाही. कोणत्या भाषेत वाचायचे, मुलगा आणि मुलगी एकाच वर्गात बसणार का, हे ठरवतानाच एक बाजू घेतली जाते. शाळा सक्तीची करणे हीसुद्धा बाजूच आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले; राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात कायदा करून मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना महिना एक रुपया दंड ठेवला. शाहू महाराज तटस्थ राहिले असते तर त्या मुलांच्या आयुष्याचा निर्णय रूढीने घेतला असता, आणि रूढी कधीच तटस्थ नव्हती.

भारतात सरकारला काय करता येईल याची चौकट संविधानाने घातली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ अभ्यासक्रमाने संवैधानिक मूल्ये पाळावीत, मुलाचा सर्वांगीण विकास करावा आणि त्याला भीती, दडपण यांपासून मुक्त ठेवावे, असे सांगते. यात उत्तम जीवनाचे पूर्ण चित्र नाही. ज्यात प्रत्येकाला आपापले चित्र काढता येईल आणि दुसऱ्याचे पुसता येणार नाही, एवढी जागा मात्र आखलेली आहे, आणि शासनाचा अधिकार साधारण तिथे संपावा असे मला वाटते.

## नव्या धोरणात कोणते उत्तम जीवन आहे?

२०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण वाचले तर वर आलेली जवळजवळ सर्व उत्तरे त्यात एकत्र नांदताना दिसतात. विवेकाने विचार आणि कृती करणारा, करुणा आणि वैज्ञानिक दृष्टी असलेला चांगला माणूस घडवणे, हे घोषित उद्दिष्ट आहे. त्याच्या जोडीला ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था आणि रोजगारक्षमता आहे. पायाभूत स्तराच्या २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्यात तैत्तिरीय उपनिषदातली पंचकोशांची, म्हणजे माणसाच्या अस्तित्वाच्या पाच थरांची, कल्पना, अन्नमयापासून आनंदमयापर्यंत, बालविकासाची चौकट म्हणून घेतली आहे. इतकी उद्दिष्टे एकाच वेळी मान्य करणे कागदावर सोपे असते. दिवस मात्र साडेपाच-सहा तासांचाच राहतो, आणि एकाला दिलेला तास दुसऱ्याकडून घ्यावा लागतो.

धोरणातली एक तरतूद या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. सहावी ते आठवीच्या काळात प्रत्येक विद्यार्थ्याने दहा दिवस दप्तराविना राहून सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांकडे उमेदवारी करावी, असे त्यात म्हटले आहे. शिवाय याच इयत्तांत विविध हस्तव्यवसायांची ओळख करून देणारा एक अभ्यासक्रमही सुचवला आहे. कल्पना चांगली आहे, आणि ती सर्व मुलांसाठी असल्याने मद्रासच्या योजनेचा दोष तिच्यात नाही. पण मापाने पाहू. वर्ध्याच्या वेळापत्रकात हस्तव्यवसायाला वर्षाला ९६० तास होते. दहा दिवस म्हणजे, पूर्ण दिवस धरला तरी, तीन वर्षांत मिळून सुमारे ५५ तास. ९६० तास अतिरेकी होते असे मानायला जागा आहे. ५५ तासांत सहल होते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या दहा दिवसांत सुताराचे स्थान काय असेल. शाळा त्याला ‘सर’ म्हणून हाक मारायला शिकवणार आहे का, त्याच्या बुडालेल्या रोजाचा मोबदला कोण देणार आहे, मुलाने केलेल्या पाटाविषयी त्याने दिलेला अभिप्राय प्रगतिपत्रकावर चढणार आहे का, आणि बारावीनंतर मुलांच्या प्रवेशाचा निर्णय एका दिवसाच्या बहुपर्यायी परीक्षेने होत राहणार असेल तर त्या अभिप्रायाला पालकांच्या लेखी किंमत कितपत उरेल? हे प्रश्न पालक-शिक्षक संघाच्या सभेत विचारता येतात, शाळा व्यवस्थापन समितीत विचारता येतात, आणि त्यांची उत्तरे तासिका, रुपये आणि गुण यांच्या भाषेत मागता येतात. १८८२ मध्ये फुल्यांनी आयोगाला दिलेले उत्तरही त्याच भाषेत होते.